सहा डिसेंबरचं इतिवृत्त

माझं अक्षर चांगलं नसतं तर यातलं काहीच माझ्या वाट्याला आलं नसतं. अंबरनाथला आमच्या बुवापाड्यातल्या लग्नपत्रिकांची पाकिटं अजून माझ्याकडेच लिहायला येतात, आणि बदलापूरला हरिचंद्र भोईरांच्या ऑफिसात नोकरी लागली तीही अर्जातलं अक्षर बघूनच. भोईर म्हणजे आमचे शेठ. आधी खडी-रेतीचे कंत्राटदार, मग बिल्डर, आणि २००३ पासून एका वीज कंपनीचे मालक. बदलापूरपासून सोळा किलोमीटर आत, डोंगरात, शेतीच्या पाण्याचं एक लहानसं धरण आहे. त्याच्या पायथ्याशी शेठनी दोन मेगावॅटचं वीजघर बांधलं, ते २००५ मध्ये सुरू झालं. धरणातून सुटणारं पाणी आधी आमच्या टर्बाइनवरून जातं आणि मग कालव्यात.

कंपनीचे संचालक तीन. शेठ, त्यांचा धाकटा भाऊ सदू, आणि शेठच्या बायको रखमावहिनी, ज्यांनी एकाही बैठकीत तोंड उघडलेलं मला आठवत नाही. बैठकीचं इतिवृत्त मी हाताने रजिस्टरात लिहायचे आणि खाली तिघं सह्या करायचे. कोण आलं, काय ठरलं, किती वाजता उठलो, सगळं त्यात. पाच वर्षं मी ते रजिस्टर सांभाळलं आणि त्यात एक शब्द खोटा नव्हता. हे मी तेव्हा कुणाला सांगत बसले नव्हते, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नव्हतं.

२००८ च्या ऑगस्टमध्ये नितीन आला. राहायला बदलापूरलाच, कामाला अंधेरीच्या एका सल्लागार कंपनीत. सुट्टीच्या दिवशीही गळ्यात ओळखपत्र घालून फिरणाऱ्यातला. त्याने शेठना आणि मला समोर बसवून कार्बन समजावला.

"सिंपल आहे, साहेब. ही वीज आपण पाण्यावर केली नसती तर कुठेतरी कोळसा जाळून झाली असती. म्हणजे तेवढा धूर आपण वाचवला. त्या वाचलेल्या धुराचं सर्टिफिकेट मिळतं. युरोपातल्या कंपन्या ते विकत घेतात."

"म्हणजे न निघालेला धूर विकायचा," मी म्हटलं. मी अंबरनाथच्या केमिकल कारखान्यांच्या बगलेला वाढले. निघालेल्या धुराचं कुणी कधी काही दिलं नाही, तेव्हा न निघालेल्याला भाव आहे हे ऐकून मला हसू आलं.

शेठ हसले नाहीत. टर्बाइन दोनदा बिघडली होती, दोन वर्षं पाऊस कमी झाला होता, आणि वीजघर बंद करायच्या गोष्टी सदू उघड बोलायला लागला होता. त्यांनी विचारलं, "कागद काय काय लागतील?"

कागद पुष्कळ लागणार होते, पण अडचण एकाच कागदाची होती. सर्टिफिकेटच्या नियमात असं होतं की, हे पैसे मिळणार म्हणूनच तुम्ही प्रकल्प केला, एरवी केला नसता, हे दाखवावं लागतं. आणि तो विचार प्रकल्पाला हात घालण्याआधी केला होता याचा त्या वेळचा पुरावा लागतो. आमच्या टर्बाइनची ऑर्डर गेली १५ डिसेंबर २००३ ला. त्या काळात आमच्या ऑफिसात कार्बन म्हणजे टाइपरायटरमध्ये घालायचा निळा कागद.

"पण आपण आधी असा काही विचार केला नव्हता," मी म्हटलं.

नितीन माझ्याकडे बघून समजुतीने हसला. "ताई, कोणीच नव्हता केला. सगळ्यांनी आधी बांधलं आणि मग त्यांना कळलं. हिमाचलपासून चीनपर्यंत छोटे हायड्रोवाले सगळे लाइनमध्ये उभे आहेत. आता नियम टाइट होतायत, म्हणून घाई. एका बैठकीचं इतिवृत्त पाहिजे, बस. डिसेंबर २००३ चं."

जुन्या रजिस्टरात मध्ये पान घालता येणार नव्हतं, पानांवर आकडे छापलेले होते. म्हणून ठरलं असं की, तसलंच जुनं कोरं रजिस्टर आणायचं, २००३ पासूनची सगळी इतिवृत्तं त्यात पुन्हा उतरवायची आणि योग्य जागी नवी बैठक घालायची. उतरवणार कोण, हे कुणी बोललंही नाही. दोघं फक्त माझ्याकडे बघत राहिले.

मी नाही का म्हटलं नाही, हे सांगते. माझा नवरा प्रमोद अंबरनाथला केमिकल कारखान्यात होता. कारखाना २००१ मध्ये बंद पडला आणि तो चार वर्षं आमच्या दाराच्या ओट्यावर बसून होता. चार वर्षं बसलेला माणूस घरातल्यांशी कसा बोलायला लागतो ते ज्याने पाहिलंय त्यालाच कळेल. २००५ मध्ये शेठनी त्याला वीजघरावर ऑपरेटर म्हणून घेतलं. मी मागायला गेले नव्हते. शेठनीच एक दिवस विचारलं, "ताई, तुमचे मिस्टर मशीनवर बसतील का?" तेव्हापासून आमच्या घरातले दोन्ही पगार शेठच्या हातून येतात. एक गेला तर दुसरा राहणार नाही, एवढं गणित मला येतं.

रजिस्टर मला उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये मिळालं. दुकानदाराने माळ्यावरून गठ्ठा काढला, फडक्याने धूळ झटकली आणि ओशाळून म्हणाला, "दीदी, पुराना माल है. किनारा पीला पड गया है, चलेगा क्या?" मी म्हटलं, चलेगा. त्याने वर दोन रिफिल फुकट दिल्या. खराब माल गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारल्याचं त्याला वाईट वाटत होतं. मला त्या माणसाचा हेवा वाटला.

तारीख ठरवायला आम्ही तिघं बसलो. २००३ ची ऑफिस डायरी काढली. तीही माझ्याच हातची. शेठ कुठे गेले, कोण भेटायला आलं, सगळं रोजच्या रोज लिहिलेलं. एक तारखेला शेठ पुण्याला. दोनला सदू आजारी. तीन, चार, पाच, प्रत्येक पानावर काही ना काही, कुणी ना कुणी बाहेर. नितीन पानं उलटत गेला आणि थांबला.

"सहा तारीख एकदम कोरी. शनिवार. परफेक्ट. इथेच टाकू."

ते पान कोरं होतं कारण डायरी लिहिणारी त्या दिवशी ऑफिसात नव्हती. सहा डिसेंबरला ती कधीच नसते. लग्नाआधी नव्हती, बाळंतपणाच्या वर्षीही नव्हती. शेठना हे माहीत होतं. दरवर्षी पाच तारखेला ते स्वतः म्हणायचे, "ताई, उद्या तुम्ही दादरला." पण माणूस दुसऱ्याचा दिवस लक्षात ठेवतो तो तो दिवस जवळ आला की. ऑगस्ट महिन्यात, पाच वर्षांपूर्वीच्या डायरीत, ती त्यांच्यासाठी नुसती रिकामी जागा होती.

आणि त्यातही ते वर्ष २००३ चं. त्या वर्षी माझी आई, द्रौपदी, माझ्यासोबत चैत्यभूमीला शेवटची आली होती. गुडघे गेले होते तिचे. शिवाजी पार्कला रांगेत सात तास आम्ही होतो. थोडं चालायचं, की ती पिशवी खाली ठेवून तिच्यावर बसायची, रांग सरकली की माझ्या खांद्याला धरून उठायची. कुणीतरी म्हणालं, आजीला पुढे सोडा. ती म्हणाली, नको, बाबासाहेबांकडे मी वशिल्याने जायची नाही. फेब्रुवारीत ती गेली.

मी तोंड उघडून एवढं म्हणायला हवं होतं की शेठ, सहा तारीख नको. त्यांनी लगेच दुसरी घेतली असती. पण मी बोलले तर त्यांचं खोटं मीच नीट बसवून दिल्यासारखं होणार, आणि न बोलले तर माझ्याच हाताने लिहावं लागणार की आई रांगेत पिशवीवर बसली होती त्या दिवशी मी बदलापूरला बसून टिपणं घेत होते. मला संताप आला. शेठचा आला, नितीनचा आला, माझ्या अक्षराचा आला. त्या संतापात मी मनात म्हटलं, घ्या, हीच तारीख घ्या, बघू कुठवर जाते. आणि लिहिलं : "दिनांक ६ डिसेंबर २००३, शनिवार. कार्बन प्रमाणपत्रांच्या उत्पन्नाशिवाय प्रकल्प परवडणारा नसल्याने ते मिळवण्याचे सर्वानुमते ठरले. उपस्थित : तीन संचालक. टिपण : सौ. यशोधरा प्रमोद जाधव." अक्षर सुंदर आलं.

सप्टेंबरच्या शेवटी तपासणी ठरली. कागद खरे आहेत का ते बघायला दिल्लीहून एक मॅडम येणार होत्या. त्याच्या दोन दिवस आधी नितीनने जोडकागद म्हणून २००३ चा हजेरीपट मागितला. शेठनी तो उघडला आणि मला आत बोलावलं.

माझ्या नावापुढे, सहा तारखेच्या चौकटीत, 'र' होता. रजा.

"ताई, तुम्ही बोलला का नाय?" शेठ रागावले नव्हते. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

मी त्या चौकटीकडे बघत राहिले.

"माझी चूक हाय. माझ्या ध्यानात यायला पायजे होता. पण आता इतिवृत्ताचे फोटो गेलेत दिल्लीला. आता तारीख बदलली तर डोळ्यावर येल." त्यांनी हजेरीपट माझ्याकडे फिरवला. "एक अक्षर हाय. 'र'चा 'ह' करा. हजर."

"नाही होणार शेठ."

"का?"

"त्या दिवशी मी आईबरोबर होते."

शेठना माझी आई माहीत होती. तिच्या मातीला आले होते ते. बराच वेळ ते पेन उघडत आणि बंद करत राहिले. मग म्हणाले, "बारा माणसं हायत वीजघरावर. अकरा धरणाखालच्या वाडीवरची आणि एक प्रमोद. ह्या कागदाचा काय झाला नाय तर मार्चमध्ये सदू कुलूप लावनार. मी तुम्हाला भीती नाय घालत, ताई. जे हाय ते सांगतो."

खरंच भीती घालत नव्हते ते. त्यांची स्वतःची अवस्थाही पिंजऱ्यात सापडलेल्या उंदरासारखी झाली होती. पण त्यामुळे माझी सुटका होत नव्हती. एकाच पिंजऱ्यात दोघं असलो तरी दार कुणालाच उघडता येत नव्हतं.

त्या संध्याकाळी भाकऱ्या थापताना मी प्रमोदला सगळं सांगितलं. तो दाराशी बसून बूट काढत होता.

"एक अक्षर हाय ते, यशो," तो म्हणाला.

"शेठपण हेच बोलले."

"मग मला विचारू नको. मी जे बोलणार ते माझ्या पोटासाठीच बोलणार. मला परत ओट्यावर नाय बसायचं." त्याने दुसरा बूट काढला. "आणि आईला आता काय फरक पडतो? तिला कोण सांगायला जाणारे?"

मी तव्यावरची भाकरी जळू दिली. माझं तोंड फार खराब आहे, आणि त्या वेळी ते उघडलं असतं तर आमचा संसार ओट्यासकट वाहून गेला असता. प्रमोदने उठून गॅस बंद केला. "बरं, चुकलं माझं," तो म्हणाला. "जे करायचं ते कर. फक्त त्या दिवशी सकाळी मला सांगून जा. कामावर असताना मला दुसऱ्याकडून कळायला नको."

तपासणीच्या सकाळी मी सांगितलं. म्हटलं, विचारलं तर मी खरं सांगणार. तो म्हणाला, "बरं." डबा घेतला आणि निघाला. वळून बघितलंही नाही. त्याचा मला राग आला नाही, भीती वाटली.

दिल्लीहून आलेल्या मीनामॅडम पन्नाशीच्या, साध्या, दमलेल्या बाई होत्या. आदल्या दिवशी वीजघर बघून आल्या होत्या, वाडीतल्या बायकांशी बोलल्या होत्या. हजेरीपट मागितल्यावर शेठनी सांगितलं की २००३ चा वाळवीने खाल्ला. त्यांनी मान डोलावली. अशा वाळव्या त्यांनी पुष्कळ पाहिल्या असणार. मग त्यांनी रजिस्टर समोर ओढलं, पिवळ्या कडेवरून बोट फिरवलं आणि मला बोलावलं.

"बडी सुंदर लिखावट है. आपकी है?"

"हो. जी."

"इस मीटिंग में आप मौजूद थीं?"

शेठ टेबलाकडे बघत होते. नितीन हसरा चेहरा करून बसला होता. मला प्रमोद दिसला, ओट्यावर, पाय लोंबकळत सोडून. आणि तरीही मी म्हटलं, "नहीं थी. छह दिसंबर को मैं दादर में थी, चैत्यभूमी पे. हर साल वहीं होती हूँ. उस साल मेरी माँ साथ में थी."

छाती एकदम मोकळी झाली. इतकी हलकी मी कित्येक महिन्यांत झाले नव्हते. मनात म्हटलं, आई, झालं.

मीनामॅडम माझ्याकडे बघत राहिल्या. मग हळू म्हणाल्या, "हाँ. छह दिसंबर." त्यांना तो दिवस माहीत होता. "तो फिर ये मीटिंग?"

नितीनने तेवढ्यात डायरी उघडली होती. "मॅम, क्लेरिकल मिस्टेक होगी. छह नहीं, आठ. देखिए, आठ को सर दोपहर तीन बजे साइट से वापस आए हैं. मीटिंग शाम को हुई होगी. बाद में रजिस्टर में उतारते वक्त तारीख गलत लिखी गई."

तो एवढ्या सहज बोलला की क्षणभर मलाच ते खरं वाटलं.

मॅडमनी मला विचारलं, "आठ को आप ऑफिस में थीं?"

"थी." ते खरं होतं. आठला सोमवार होता.

"और मीटिंग आठ को हुई थी?"

मला फार वेळ लागला असं वाटतं, पण नितीन नंतर म्हणाला की मी लगेच उत्तर दिलं. शेठनी पहिल्यांदा मान वर केली. त्यांचे डोळे ओले होते आणि त्यात विनंती नव्हती, नुसतं थकलेपण होतं. मी घरून एका प्रश्नापुरतं बळ आणलं होतं. रात्रंदिवस त्या एकाच प्रश्नाची तयारी केली होती. दुसरा प्रश्न येईल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आईचा दिवस मी वाचवला होता, आता समोर उरला होता फक्त एक सोमवार. त्या सोमवारी माझं कुणी मेलं नव्हतं, कुणी जगलं नव्हतं. मी मान हलवली. होकाराची.

"तो इसे ठीक कर दीजिए," मॅडम म्हणाल्या.

त्यांच्या देखत मी सहावर एक रेघ मारली, वर आठ लिहिलं, शनिवार खोडून सोमवार केला, बाजूला सही केली. शेठनी सही केली. सदूला बोलावून त्याची घेतली, रखमावहिनींची घरून आणली. निघताना मॅडमनी माझा हात हातात घेतला. "ऐसे लोग कम मिलते हैं," त्या म्हणाल्या, आणि त्या मनापासून म्हणाल्या.

अहवाल नोव्हेंबरमध्ये आला. नितीनने त्यातला एक परिच्छेद मला मराठीत करून वाचून दाखवला. कंपनीच्या लेखनिक बाईंनी स्वतःहून तारखेतली चूक दाखवून दिली, त्यांच्या प्रामाणिकपणामुळे बैठकीची नोंद विश्वासार्ह ठरते, असं त्यात होतं. "ताई, तुमच्यामुळे काम झालं," तो म्हणाला. "बाकी सगळ्यांचे कागद जास्तच क्लीन असतात, त्यामुळे डाउट येतो." शेठनी पेढे वाटले. वीजघर चालू राहणार होतं. बाराच्या बारा माणसं कामावर राहणार होती, आणि त्याचा मला आनंद झाला, हेही खरं आहे.

प्रमोदने ही गोष्ट बुवापाडाभर केली. माझी बायको दिल्लीच्या मॅडमसमोर खरं बोलली, नोकरीची पर्वा केली नाही, आणि खऱ्याचंच शेवटी झालं. त्याचा चेहरा इतका फुललेला मी लग्नातही पाहिला नव्हता. त्याला मी दुसरा प्रश्न सांगितला नाही. दोनदा सांगायला बसले आणि दोनदा भाजी निवडून उठले.

पुढच्या रविवारी विहारात गेले तर महिला मंडळाच्या इंदुबाईंनी मला हाताला धरून पुढे उभं केलं. वंदनेच्या आधी त्या सगळ्यांना म्हणाल्या, "ही यशोधरा. हिला साहेबाने सांगितलं, सहा डिसेंबरला तू कामावर होतीस असं लिही. ही बोलली, मी बाबांच्या दारात होते, तेच सांगणार. पोरींनो, बघून घ्या हिला." टाळ्या पडल्या. मागच्या बायका मान उंचावून बघायला लागल्या. मी हात जोडून उभी होते. खाली बसू देत नव्हत्या त्या.

मग सगळ्यांनी हात जोडले आणि पंचशील सुरू झालं. पहिलं शील मी म्हटलं, दुसरं म्हटलं, तिसरं म्हटलं. चौथं खोटं न बोलण्याचं. लहानपणापासून झोपेतही म्हणू शकेन अशी ती ओळ आली आणि माझा आवाज निघेना. शंभरेक बायका एका सुरात म्हणत होत्या आणि मी त्यांच्यासमोर तोंड मिटून उभी होते. इंदुबाईंना वाटलं, कौतुकाने मला भरून आलं. त्यांनी पदराने माझे डोळे पुसले आणि माझ्या वाटणीचं त्याच मोठ्याने म्हणाल्या.